ऊन आपलं

"दुकानातला दिवा दुकानदाराचा, ऊन आपलं," असं म्हणून बाई साडी उचलायच्या आणि सरळ दुकानाबाहेर चालायला लागायच्या.

साडीचा पदर त्यांच्या खांद्यावर, दुसरं टोक अजून शेठजींच्या मुठीत आणि मधली सगळी साडी गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून निघालेली. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा शेठजी घाबरून म्हणाले होते, "अरे बैनजी, यहीं देख लो. रंग भाग थोडी रहा है."

"भागत नाहीये भियाजी, छुपतोय," बाई पायरीवरूनच म्हणाल्या. त्या हिंदीत बोलायला सुरुवात करायच्या आणि क्रियापदापर्यंत पोचेतो मराठीत यायच्या. इंदूरच्या दुकानदारांना ते सगळं समजतं.

तुमच्या ओळखीत अशी एखादी बाई असेलच, जिला बरोबर घेतल्याशिवाय बायका खरेदीला जात नाहीत. मी जिथं शिकवायचे त्या मुलींच्या शाळेत ती जागा भूगोलाच्या बाईंची होती. त्या रोज महूहून छोट्या रुळांच्या गाडीनं इंदूरला येत. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा मध्य प्रदेश नवा नवा झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि आमच्या घरची मंडळी ते दुःख रोज रात्री जेवताना उगाळत असत. मी तरुण होते, मला राजधानीचं काही नव्हतं. मला पहिला पगार मिळाला होता आणि त्यातून साडी घ्यायची होती.

बाई स्वतःहून म्हणाल्या, "चल, मी येते. माझी गाडी पावणेसहाला आहे."

दुकानात मी एक साडी अंगाला लावून विचारलं, "कशी दिसतेय?"

"नेसणार कोण?"

"मी."

"मग तूच सांग. मी फक्त उजेड दाखवते."

मला राग आला. एवढं बरोबर आणायचं आणि मत विचारलं की हे उत्तर. पण पायरीवर उन्हात उभं राहून पाहिलं तेव्हा मला आतमध्ये गुलाबी वाटलेली ती साडी चक्क विटकरी निघाली, आणि जी मी बाजूला टाकली होती ती हिरवी साडी अशी उजळली की मला दुसरं काही बघावंसंच वाटेना. ती मी घेतली. पुढं कित्येक वर्षं मी प्रत्येक तपासणीच्या दिवशी तीच नेसले. इन्स्पेक्टर मंडळी बदलली, साडी नाही.

बाईंच्या स्वतःच्या साड्या सुरुवातीला दोनच होत्या. एक अंगावर आणि एक दोरीवर. पण भाताच्या पेजेची खळ अशी कडक असायची की त्या वर्गात शिरायच्या आधी साडीचा आवाज शिरायचा आणि मुली गप्प व्हायच्या. मग दोनाच्या चार झाल्या. मग नायलॉनचं वारं आलं. आम्ही सगळ्या बावरलो होतो, नायलॉन म्हणजे सिनेमातल्या बायकांनी नेसायचं. बाईंनी घेतली, आकाशी रंगाची, आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर विंध्य पर्वत काढताना पदर खांद्यावरून सुटून खाली गेला. वर्ग हसला. बाईंनी पदर उचलला, खोचला आणि म्हणाल्या, "हे नर्मदेचं खोरं. इथं उतार फार आहे." दुसऱ्या दिवशी त्याच साडीला पिन लावून आल्या.

माझ्या मुलाच्या जन्मानंतर माझं अंग वाढलं आणि मी गडद, मातकट साड्या घ्यायला लागले. बाईंनी दोन-तीन वेळा पाहिलं. मग एकदा पायरीवर मला म्हणाल्या, "अंग वाढलं की रंग कमी करायचा, हे कुठल्या भूगोलात लिहिलंय?" त्या दिवशी मी पिवळी साडी घेतली. त्यांनी 'घे' म्हटलं नव्हतं हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. माझ्या मावशीची एक रेशमी साडी होती, जेमतेम दोनदा नेसलेली. बाईंची मुलगी शीला तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. मी ती साडी तिच्यासाठी घेऊन गेले. बाईंनी घडीवरून हात फिरवला, कापडाचं कौतुक केलं आणि माझ्या हातात परत ठेवली.

"नको गं. आमच्याकडे दिलेलं नेसत नाहीत."

"अहो, नव्यासारखीच आहे."

"हो ना. पण दिलेली आहे."

मला जरा लागलं. पण त्यांचा सूर इतका साधा होता की भांडायलाही जागा नव्हती. पुढं कधीतरी त्या आमच्या घरी जेवायला आल्या. माझ्या आईनं नेहमीप्रमाणे पेटी उघडून तिच्या आजोबांना दरबारातून मिळालेला शेला दाखवला. हा शेला न बघता आमच्या घरून कुणी पाहुणा सुटलेला नाही. बाईंनी तो खिडकीशी नेला, उलटसुलट करून पाहिला.

"फारच सुंदर आहे," त्या आईला म्हणाल्या, "पण रंग तुमच्या आजोबांनी नाही निवडला."

आईला सत्तर वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. बाई गेल्यावर म्हणाली, "बाई जरा फटकळ आहे, पण खोटं नाही बोलली."

आता त्या पांढऱ्या साडीचं सांगते.

शीलाचं लग्न ठरत आलंय एवढं आम्हाला माहीत होतं. मुलगा मानपूरला शाळेत मास्तर होता. त्या पावसाळ्यात बाईंच्या मिस्टरांना टायफॉइड झाला होता, ते बरेच दिवस अंथरुणाला होते. आणि दिवाळीनंतर एकाएकी बाईंचा रजेचा अर्ज आला, कारण 'घरगुती'. त्याच आठवड्यात आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्या दुकानात गेल्या तेव्हा शेठजी हळू आवाजात त्यांना म्हणाले, "आपके स्कूल की वो धूपवाली बैनजी आई थीं. सफेद साडी ले गईं. मैंने पूछा किसके लिए, तो आँख भर आई उनकी. और पहली बार बाहर नहीं ले गईं. वैसे ही बँधवा ली."

मोठ्या बाई तिथून घरी न जाता तडक माझ्याकडे आल्या. दारातच बसकण मारली. "अगं, मिस्टर गेले वाटतं तिचे."

कुणालाही दुसरं काही सुचलं नाही, सुचायचं कारणही नव्हतं. आमच्या घरांत पांढरी साडी एकाच कारणासाठी येते. शनिवारी अर्धी शाळा होती. आम्ही चौघी फिकट साड्या नेसून महूच्या गाडीत बसलो. अशा भेटीला जाताना आधी कळवत नाहीत, हातात काही नेत नाहीत, चहा घेत नाहीत आणि निघताना 'येते' म्हणत नाहीत, हे सगळं मोठ्या बाईंनी गाडीत पुन्हा एकदा सांगितलं. कामंही वाटून दिली. मी शीलाला जवळ घ्यायचं होतं. मला गाडीतच रडू येत होतं. त्या आकाशी नायलॉनमधल्या बाई आता दिसणार नाहीत, हे मला सहन होत नव्हतं.

दार ठोठावलं. दार बाईंच्या मिस्टरांनी उघडलं.

ते नखशिखांत पांढरे होते. भुवया पांढऱ्या, बनियन पांढरं, हातात चुन्याचा कुंचा. मोठ्या बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, तो कसा होता ते मला लिहिता येणार नाही.

"या, या मॅडम," मिस्टर म्हणाले, "जरा पाय सांभाळा हं, चुना गीला आहे."

घराची पुताई चालली होती. सोयरे पुढच्या आठवड्यात घर बघायला येणार होते, म्हणून बाईंनी रजा घेतली होती. मोठ्या बाईंचा गळा गाडीपासून रडायला तयार होता, तो आता थांबेना, म्हणून त्या रडल्याच. बाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या आणि आम्हा चौघींना फिकट साड्यांत ओळीनं उभ्या बघून त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"कोण गेलं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. मग मोठ्या बाईंनी नाक पुसत सरळ विचारलं, "मग ती पांढरी साडी कुणासाठी घेतलीस गं?"

बाईंनी कपाटातून साडी काढून खाटेवर ठेवली. "शीलासाठी. लग्नात नेसायला. आम्ही बौद्ध झालो ना, तेव्हापासून आमच्यात लग्न पांढऱ्या साडीत लागतं. आमच्या घरातलं तसं हे पहिलंच."

बाई बौद्ध आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. पण रविवारी महूच्या वंदनेला त्या पांढरी साडी नेसतात हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं, कारण आम्ही त्यांना फक्त इंदुरात पाहिलं होतं.

शीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मुलगी आमच्याच शाळेत शिकलेली, मैत्रिणी सगळ्या आमच्या घरांतल्या. ती म्हणाली, "बघितलंस आई? मी हेच बोलत होते. नुसती साडी घेतली तर चार बाया रडायला आल्या. लग्नात माझ्या मैत्रिणी येतील, त्या पण असंच तोंड करून बसतील. मला नाही पाहिजे पांढरी. मला लाल पाहिजे, सगळ्यांसारखी."

मिस्टर कुंचा हातात धरून तसेच उभे राहिले. बाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. जी बाई सगळ्या शाळेला सांगत आली की नेसणारीनं ठरवायचं, तिच्या मनात आयुष्यात एकच साडी दुसऱ्या कुणी नेसावी असं होतं आणि नेमकी लेकच 'नको' म्हणत होती.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुला न विचारता घेतली. इतकी वर्षं मनात होती ना, दिसली आणि घाई झाली. उजेडात पण नाही बघितली. फिकर नको करू. उद्या परत करू. तुझी तू घे."

मग त्यांनी आम्हाला चहा दिला आणि आम्ही तो घेतला. निघताना मोठ्या बाई दोनदा 'येते' म्हणाल्या.

रविवारी मी दुकानात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. बाई आणि शीला आधीच आल्या होत्या. दुकानात 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' अशी पाटी होती, पण शेठजींनी बाईंच्या हातातून साडी घेतली, घडी बघितली आणि "कोई बात नहीं बैनजी, घर की बात है," म्हणून बाजूला ठेवली. मग शीलापुढे लाल रंगाचा नुसता ढीग पडला. बाई गादीच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. एकाही साडीला त्यांनी हात लावला नाही.

शीलानं एक लाल साडी खांद्यावर टाकली. "तू बाहेर नाही नेणार?"

"तूच ने."

शीला पायरीवर गेली, मागून आम्ही दोघी. ऊन चांगलं होतं. साडी छान दिसत होती, उगाच कशाला खोटं सांगू. शीलानं पदर फिरवून पाहिला आणि मध्येच विचारलं, "आई, तू दर वेळी इथंच का येतेस? आत पण तर ट्यूबलाइट आहे ना."

बाईंनी पायरीखाली बोट केलं. "तुझी आजी इथंच उभी राहायची. मतलब, ह्या दुकानाच्या नाही, आमच्या गावच्या बाजारात, अशाच पायरीखाली. माझे बाबा तेव्हा महूला पलटणीत होते, आम्ही गावी. आम्हाला दुकानात घेत नव्हते. दुकानदार आतूनच कपडा दाखवायचा, अंधारात. आई लांबून बोट करायची. निळा म्हणून बांधून आणलं तर घरी जांभळा निघायचा. परत नाही घ्यायचे. आमचा हात लागला ना."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू साड्या घेताना खूश असायचीस. कशाला बोलायचं?" बाईंनी शीलाच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "आज त्यानं साडी परत घेतली ना, तेव्हा आई आठवली. परत पण करता येतं, हे तिला कोणी बोललं असतं तर ती हसली असती. ही लाल चांगली आहे गं. तुला आवडली असेल तर हीच घे. मी मनापासून सांगते."

त्या मनापासून सांगत होत्या. ते माझ्यानं ऐकवेना, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले.

शीलानं लाल साडीची घडी घातली, आत गेली आणि शेठजींना म्हणाली, "भियाजी, सफेद दिखाओ."

शेठजींनी बाजूला ठेवलेली साडी पुढं केली.

"ही नाही. ही आईनं निवडली आहे. जितनी हैं सब दिखाओ. मी निवडते."

शेठजींनी कपाळावर हात मारला, पण फळीवरून उतरवलं सगळं. त्या दुपारी शीलानं एकेक पांढरी साडी पायरीवर नेली. पांढऱ्यात इतके पांढरे असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. कुठला दुधी, कुठला चुन्यासारखा, कुठल्यात पिवळी झाक. प्रत्येक वेळी ती आईला विचारायची, "कशी आहे?" आणि बाई डोळे पुसत म्हणायच्या, "नेसणार कोण?" शेवटी बारीक निळ्या काठाची एक तिला पटली. उन्हात तो काठ फार देखणा दिसत होता.

"और ये वाली?" शेठजींनी पहिलीकडे बोट दाखवलं.

"ती मी नेसेन," बाई म्हणाल्या. मग काहीतरी आठवून त्यांनी ती उचलली आणि आधी बाहेर उन्हात नेऊन पाहिली.

लग्नाला आम्ही सगळ्या गेलो. मोठ्या बाई त्यांचा सगळ्यात झगझगीत लाल शालू नेसून आल्या होत्या. मांडवात त्या एकट्याच नवरीसारख्या दिसत होत्या. मी चिडवलं तर म्हणाल्या, "मागच्या खेपेला फिकट नेसून आले होते ना, ते फेडायला नको?" शीलाच्या मैत्रिणी तिच्याभोवती जमून तो निळा काठ हातात घेऊन घेऊन बघत होत्या. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, "बाई, ही कुठून घेतली?" तिचं तोंड रडवं नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या आणि इंदूरच्या राजेंद्र नगरात घर बांधून राहायला आल्या. पुढं गुडघे दुखायला लागले, पण खरेदी सुटली नाही. त्यांना पायरीवर फार वेळ उभं राहवत नाही हे पाहून शेठजींनी एक स्टूल बाहेर आणून ठेवलं. न विचारता ठेवलं. बाई त्यावर पहिल्यांदा बसल्या तेव्हा हातानं स्टूल चाचपून बघत हसल्या. मला म्हणाल्या, "आईला दाखवायला पाहिजे होतं." मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले.

बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. खरेदीला मी अजून जाते, एकटी जाते, आणि सवयीनं मान वळवून कुणाला तरी विचारायला बघते.

परवा त्याच दुकानात गेले होते. शेठजींचा मुलगा आता गादीवर बसतो. आत दिवे इतके की डोळे दिपतात. पण पायरीवर ते स्टूल होतं आणि त्याच्याशेजारी एक मुलगी खांद्यावर साडी टाकून उन्हात उभी होती, मी तिला ओळखत नव्हते. तिची आई आतून हाका मारत होती. शेठजींचा मुलगा त्या आईला समजावत होता, "देखने दो माताजी. हमारे यहाँ साडी धूप में ही देखते हैं, शुरू से."

मुलीनं माझ्याकडे वळून विचारलं, "आंटी, कैसा लग रहा है?"

मी स्टुलावर बसले.

"पहनेगा कौन?" मी विचारलं.

"मैं."

"तो बता, तुझे कैसा लग रहा है?"